खाच

दगडाने फुटलं, कैतान म्हणाला.
कुण्या पोराने चर्चमागच्या कैरीवर नेम धरला होता.

माझगाव. ईस्टरला नऊ दिवस.
बांबूच्या परातीवर मी,
हनोख पेझारकर, काचकाम, उमरखाडी;
समोर दीड फुटी कोकरू,
पुढच्या पायात झेंडा धरून उभं,
आणि मानेपासून छातीपर्यंत भोक.
भोकातून गोदीची क्रेन दिसते.

"हे तुमचं कोण?" मी उगीच विचारलं.
"देवाचा पोर," शिडी धरून खालून कैतान.
"मग कोकरू कशाला?"
"तू ज्यू ना रे? तुमच्याकडनंच आलंय."

आलं असेल.

माझे बाबा शोहेत होते.
सुरीच्या धारेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे,
जाताना, येताना, पुन्हा जाताना,
डोळे मिटून, झोपलेल्या मुलाचा
ताप बघावा तसे.
नखाला केसाएवढी खाच लागली
की सुरी बाद,
आणि जनावर तेवढ्या वेळापुरतं मोकळं.
हा नियम मी आठव्या वर्षी ऐकला
आणि जरा जास्तच मनावर घेतला.

त्या वल्हांडणाला ते नळाला बांधलेलं होतं.
वर्षाचं, नर. आई त्याचे कान उलटून बघत होती,
दात बघत होती, खूर बघत होती:
व्यंग असलेलं चालत नाही.
एकही नव्हतं.

रात्री मी सुरी खिडकीच्या गजावर ओढली.
एकदाच.
तो आवाज अजून माझ्या दातांत आहे.

सकाळी बाबांचं नख थांबलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
इतकं ठरवून पाहिलं नाही
की मला कळलं.
सहाण काढली, पाणी घेतलं,
दुपार कलेपर्यंत घासत बसले.
तेवढ्या वेळात त्याने माझ्या हातून
मेथीची अख्खी जुडी खाल्ली,
बादली लवंडली,
आणि शेजारच्या रिवकाबाईंच्या साडीचा पदर चघळला.

दुपारनंतर नख कुठे अडलं नाही.

संध्याकाळी बाबांनी रक्तात पंजा बुडवला,
कोऱ्या कागदावर उमटवला.
आईने तो दारावर चिकटवला.
हे बघून मरण पुढे जातं, ती म्हणाली,
थोरल्या मुलाला सोडून.
घरात थोरला मीच होतो.
धाकटाही मीच.

बाबा त्यावर कधी बोलले नाहीत.
फक्त दरवर्षी डोंगरावरची गोष्ट वाचताना,
बापाचा हात वर, खाली बांधलेला मुलगा,
आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका,
एडक्यापाशी आले की अडायचे,
पाणी मागायचे.

"लाल नीट बसव हां," कैतान ओरडतो,
"धार सरळ पेल्यात पडली पायजे. फादर बघतात."
"कैतान, हे मेलंय की जिवंत आहे?"
"मेलंय."
"मग उभं कसं?"
तो बराच वेळ शिडीला म्हणतो काहीतरी.
मग मला म्हणतो, "मेलंय म्हनून तर उभं हाय."

लाल बसवली. पेला जुनाच, शाबूत.
उरली मान.
पांढरी काच कापली, तोडली,
आणि सवयीने कडेवरून नख फिरवलं.
सवय माझी नाही.

डाव्या बाजूला, खाली: खाच.

पिशवीत सहाण होती. बाबांचीच,
मधोमध खोलगट झालेली.
मी तिच्यावर हात ठेवला
आणि तसाच काढून घेतला.

"बसतंय का?"
"बसतंय," म्हटलं, आणि शिशाची पट्टी वळवली.
तेवढ्या जागी ती थोडी अपुरी पडली.
मी पडू दिली.

उद्या सकाळी गोदीकडून ऊन येईल,
कोकरू फरशीवर उतरेल, झेंड्यासकट,
आणि त्याच्या मानेजवळ
केसाएवढं काहीतरी चमकत राहील.
कैतान झाडू मारेल त्याच्यावर,
मग ओलं फडकं,
मग वाकून, नखाने खरवडून बघेल.